कचऱ्यातलं सोनं आणि रिंगवाले रेणू: नुसती पेपरबाजी?

भोसरीकर: काल इथे एकाने लिहिलं की ई-कचऱ्यातून सोनं काढणारे हे रिंगवाले, म्हणजे कड्याच्या आकाराचे रेणू म्हणजे नुसते शोधनिबंध (पेपर) छापायचे धंदे, सोनं काढायला अ‍ॅसिड आणि सराफाच्या केरातून सोनं काढणारे आपले झारेकरी पुरे. वाचून डोकं फिरलं. अहो, २०१३ ला रसायनशास्त्रज्ञ स्टॉडार्टच्या ग्रुपने अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन वापरलं, म्हणजे स्टार्चपासून बनणारं सहा ग्लुकोजचं कडं. सोनं विरघळवून केलेलं ब्रोमाइड असलेल्या पाण्यात ते घातलं की सोनं त्याच्यासोबत लगेच सुयांसारखं होऊन खाली बसतं आणि प्लॅटिनम, पॅलेडियम हे दुसरे महाग धातू वरच्या पाण्यातच राहतात! सोनं एकटंच उचलायचं, तेही सोनं काढायला वापरतात ते विषारी सायनाइड न वापरता, याला किंमत नाही?

रविवारपेठी: मीच लिहिलं होतं आणि परत लिहीन. सोनं आधी विरघळवावं लागतंच ना, मग अ‍ॅसिड गेलं कुठे? आमच्या दुकानाचा केर वर्षानुवर्षं झारेकरी नेतो, हात धुतलेलं पाणीसुद्धा सोडत नाही, आणि त्यातून सोनं काढून दाखवतो. त्याला कुठलं कडं लागलं नाही.

भोसरीकर: आणि अ‍ॅसिडचा तो पिवळा-तपकिरी धूर कोणाच्या छातीत जातो? माझा मामा हेच काम करायचा, शेवटी शेवटी जिना चढवत नव्हता त्याला. त्यामुळे परंपरेचं कौतुक मला सांगू नका.

नळस्टॉप: तुम्ही रेणूंवर भांडा, इथे ई-कचरा पोचतोय कुठे ते बघा आधी. आमच्या सोसायटीतून एकजण जुने कॉम्प्युटर घेऊन गेला, सोनं असलेले बोर्ड तेवढे काढले आणि उरलेले सांगाडे मुठेच्या काठाला टाकले. आम्ही फोटो दाखवले तर सेक्रेटरी म्हणतात आपली जबाबदारी गेटपर्यंत!!

कोथरूड_ताई: तुमच्या सेक्रेटरींना २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम वाचायला द्या, रिसायकलर नोंदणी असलेलाच लागतो.

नळस्टॉप: नियम मलाही माहितीयत ताई. नोंदणीवाला चार खोक्यांसाठी गाडी पाठवत नाही आणि भंगारवाला रोख पैसे देतो, मग लोक कोणाला देणार?

पाषाणकर: मूळ मुद्द्यावर या. अशाच कड्यांना चमकणारा भाग जोडला की धातू आत बसल्यावर चमक कमी-जास्त होते, त्यावरून सांडपाण्यात पॅलेडियम किती वाया जातंय ते मोजता येतं. पण रविवारपेठींचं एक खरं, विरघळवायची पायरी अजून घाणच आहे, तिथे हे कडं काही करत नाही.

रविवारपेठी: चला, एवढं तरी मान्य केलंत. मोजायचं ते मला पटलं, आमच्या धुवणाच्या पाण्यात किती जातं हे कोणीच धड सांगत नाही. बाकी सोनं काढायचं म्हणाल तर किलोचा भाव सांगा, मग बोलू.

भोसरीकर: भाव सांगतो, पण त्यात मामाच्या औषधांचा खर्चही धरा.