तातडीचं: भाच्याची कोर्टातली केस कॅलिफोर्नियातल्याच दुसऱ्या काउंटीत (जिल्ह्यात) न्यायची आहे

अंजली:
मंडळी, धाकट्या बहिणीने सॅन वाकीन काउंटीत, माउंटन हाउसला घर घेतलंय, वास्तुशांतीचं बोलावणं सगळ्यांना पोचलंच असेल. आत्ताच्या फ्रीमाँटच्या घराची लीज ३१ जुलैला संपते आणि भाच्याची कोर्टाची तारीख आहे १४ ऑगस्टला, आत्ताच्याच काउंटीत, सॅन लिअँड्रोला. (शाळेतलं ते प्रकरण. पुन्हा सांगत नाही.) बहिणीच्या मनाने घेतलंय की नवा पत्ता कळवला की केस आपोआप सॅन वाकीनला जाते, मग १४ला जायचं कारण नाही. मला हे पटत नाहीये. कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहून सांगा. फोन नका करू, ती फोन वाजला तरी दचकते.

विद्याताई:
अंजली, १४ला जायचंच. पत्ता बदलल्याने केस हलत नाही, त्यासाठी न्यायाधीशांचा आदेश लागतो. कॅलिफोर्नियाच्या वेलफेअर अँड इन्स्टिट्यूशन्स कोड या कायद्याचं कलम ७५० वाच. मुलाचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याचं घर दुसऱ्या काउंटीत गेलं तर सगळी केस तिकडे पाठवता येते, पण पिटिशनमध्ये (मुलावरच्या आरोपांच्या अर्जात) लिहिलंय ते घडलं की नाही, याचा निर्णय सध्याच्या कोर्टाने दिल्यानंतरच. तुमच्याकडे तो अजून झालेला नाही ना? मग आत्ता कोणीही केस हलवणार नाही. आणि मूल हजर राहिलं नाही तर वॉरंट निघू शकतं.

निर्णय झाला की वकिलांनी ट्रान्सफर-आउटची, म्हणजे केस इथून तिकडे पाठवण्याची, सुनावणी मागायची. त्या आदेशाचा फॉर्म जेव्ही-५५०. घर बदललं एवढंच तिथे पाहत नाहीत, हलवणं मुलाच्या हिताचं आहे का हेही पाहतात. म्हणून नव्या शाळेत नाव घातल्याचा कागद, घराचे कागद, वीजबिल, काय असेल ते वकिलांकडे देऊन ठेवा.

सुरेशकाका:
विद्याताईंचं बरोबर आहे, पण त्यांनी दमणूक सांगितली नाही. आमच्या थोरल्याच्या वेळी आम्ही आधी नव्या काउंटीच्या कोर्टात गेलो. अर्धा दिवस रजा टाकून, फाइल काखेत धरून. खिडकीतल्या बाईंनी नाव टाइप केलं आणि म्हणाल्या, तुमचं इथे काहीच नाही. अर्ज जुन्या कोर्टात करायचा असतो हे तिथे कळलं. पुढे आदेश झाला, तर एका कार्यालयातून प्रत गेली ती सर्टिफाइड नव्हती. कार्यालयाचं नाव घेत नाही. त्या दिवसांत मुलगा जेवायलाही खोलीबाहेर येत नव्हता. म्हणून सांगतो, आदेश झाला त्याच दिवशी क्लार्कला विचारा, कागद कधी आणि कसा निघणार. आणि उत्तर लिहून घ्या.

शक्य असेल तर घर बदलणंच महिनाभर पुढे ढकला.

मंदार (लिस्ट व्यवस्थापन):
सर्वांना विनंती. अल्पवयीन मुलांची कोर्टातली फाइल त्याच कोडच्या कलम ८२७ प्रमाणे गोपनीय असते, आणि इथे चारशे माणसं वाचतात. अंजलीताई, तुमच्या मेलमध्ये गाव, तारीख, कोर्ट आणि नातं, सगळं आहे. पोर कोण ते कोणीही ओळखेल. असे विषय मदत समितीकडे द्यायचे असं जानेवारीच्या सभेत ठरलं होतं.

अंजली:
मंदार, चूक झाली, मान्य. तो मेल आर्काइव्हमधून काढ. पण समितीच्या नंबरावर मी तीन दिवस निरोप ठेवतेय. ज्यांना माहिती आहे ती माणसं इथेच आहेत, म्हणून इथे विचारलं.
काका, घर पुढे ढकलणं जमणार नाही. लीज वाढवून मिळत नाहीये आणि तिकडची शाळाही ऑगस्टमध्येच सुरू होते.

प्रसाद, डॅलस:
हे इंटरस्टेट कॉम्पॅक्टने (राज्याराज्यांमधल्या कराराने) होतं. माझ्या मित्राने केलंय. प्रोबेशन ऑफिसरच सगळं करतो, कोर्टात जावं लागत नाही.

विद्याताई:
प्रसाद, ते राज्य बदललं तर. त्यातही देखरेख दुसरं राज्य करतं, केस मूळ कोर्टाचीच राहते. इथे राज्य तेच आहे, काउंटी बदलते आणि केसच सगळी जाते. कृपया दोन्ही एकत्र करू नका, तिची बहीणही हे वाचतेय.

काकांच्या अनुभवाला जोडून एक. आदेश पोचला की नव्या कोर्टाला केस नाकारता येत नाही, तसा नियमच आहे. मूल घरी असेल तर कागद मिळाल्यापासून कोर्टाच्या दहा दिवसांत तिथे सुनावणी लावावी लागते. कोर्टाचे दिवस, म्हणजे शनिवार-रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या सोडून. मात्र तिथे वकील नवा असतो. आत्ताच्या वकिलांनी जे जे कबूल करून घेतलंय, समुपदेशन असो की नुकसानभरपाईची रक्कम, ते आदेशात लेखी येऊ दे. नुसतं तोंडी राहिलं तर पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागेल.

सुरेशकाका:
खर्चाचं विचारलं नाही तरी सांगतो. २०१८पासून कॅलिफोर्नियात आईवडिलांकडून मुलाला कोर्टाने दिलेल्या वकिलाची आणि प्रोबेशनच्या देखरेखीची फी घेत नाहीत. आम्ही भरली होती, त्या काळी घ्यायचे. भरपाई मात्र द्यावी लागते.

नेहा:
घर बदलतंय म्हणून: बहिणीकडचे एच-वन-बी व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर) आहेत ना? मग दहा दिवसांत एआर-११, म्हणजे इमिग्रेशनला नवा पत्ता कळवायचा फॉर्म. आईवडिलांचा आणि मुलाचा, प्रत्येकाचा वेगळा. ग्रीन कार्डवाल्यांनाही तोच नियम.

मंदार:
नेहा, तो विषय वेगळा आहे. नवा धागा काढ.

नेहा:
वेगळा कसा? त्यांची खरी भीती तीच आहे, ग्रीन कार्ड अडेल ही. ज्युव्हेनाइल (अल्पवयीनांच्या) कोर्टाचा निर्णय म्हणजे इमिग्रेशनच्या दृष्टीने कन्व्हिक्शन, म्हणजे गुन्ह्याची शाबिती, नाही, हे इमिग्रेशनच्या अपील बोर्डाने २००० सालीच मॅटर ऑफ डेव्हिसनमध्ये सांगितलंय. तरी अर्जावर काही लिहिण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठा, त्यातून प्रकरण अमली पदार्थांचं असेल तर नक्कीच. बहिणीला एवढं तरी सांग अंजली, ती रात्रभर याच विचाराने जागी असेल.

अंजली:
जागीच असते. काल स्वयंपाकघरात सगळी भांडी खोक्यांत भरून झाली होती आणि ओट्यावर फक्त कोर्टाची नोटीस, पाण्याच्या तांब्याखाली दाबून ठेवलेली. विद्याताईंचं उत्तर मी तिथेच मोठ्याने वाचून दाखवलं. भाचा दारात उभा राहून ऐकत होता. त्याने विचारलं, "मग नव्या शाळेत कोणाला कळणार नाही ना?" मी काय सांगायला हवं होतं?

वकिलांशी आज बोलणं झालं. १४ला जायचं, निर्णय झाला तर त्याच दिवशी ट्रान्सफर-आउटची तारीख मागायची. आता अडचण एकच. बहीण फ्रीवेवर गाडी चालवत नाही, मेहुणे त्या आठवड्यात कामासाठी ऑस्टिनला, आणि मला त्या दिवशी रजा नाही.

विद्याताई:
त्याला सांग, कोर्ट स्वतःहून मुलांना जाऊन काही सांगत नाही. शाळेच्या प्रशासनाला काय आणि किती कळतं ते वकिलांना विचार, मी अर्धवट सांगत नाही.

सुरेशकाका:
१४ला मी नेतो. वाटेतल्या आल्टमाँटच्या घाटात सकाळी गाड्या तुंबतात, सहाला निघू. पोराला म्हणावं, वाटेत खायला मी आणतो, काकूंच्या हातच्या दशम्या. मंदार, हा मेलही काढून टाक.