मदत हवी आहे: रीफ टँकमधले मासे एकामागोमाग मरताहेत

खारटबडोदेकर: करेलीबाग, बडोदे. टँक छान सेट झालेला होता. परवापासून मासे मरताहेत. पाणी तपासलं, सगळं नॉर्मल आहे. दोन क्लाउन मासे उरलेत. काय करू? लवकर सांगा.

गोल्डफिशकाका: घाबरू नका. अर्धं पाणी बदला आणि मूठभर जाडं मीठ टाका. आमचे असेच वाचले.

खारटबडोदेकर: काका, समुद्री टँक आहे. मीठच मीठ आहे त्यात.

प्रवाळप्रेमी: "नॉर्मल" म्हणजे किती? अमोनिया, नायट्राइट, सॅलिनिटी (खारटपणा), तापमान? टँक केवढा? आणि कोळंबी, कोरल जिवंत आहेत का?

खारटबडोदेकर: ३०० लिटर. अमोनिया, नायट्राइट शून्य. सॅलिनिटी १.०२५, तापमान २७. कोरल उघडलेले, कोळंबी मजेत. अहो, मरताहेत मासे, कोळंबीचं काय घेऊन बसलात?

प्रवाळप्रेमी: डासांचा फवारा पाण्यात गेला असता तर आधी कोळंबी मेली असती. तांबं उतरलं असतं तरी तेच. म्हणजे जे आहे ते फक्त माशांना लागतंय.

मांजलपूरकर: ऑक्सिजन हो! मे महिना, रात्री लाइट गेली असणार. माझा अख्खा टँक एका रात्रीत साफ झाला होता. तेव्हापासून इन्व्हर्टरवर आधी टँक, मग आमचा पंखा. बॅटरीवरचा एअरपंप घ्या, विषय संपला.

प्रवाळप्रेमी: तुमचे एका रात्रीत गेले, यांचे एकेक करून जाताहेत. आणि समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२. पंप चालू असेल तर एवढ्या फरकाने मासे मरत नाहीत.

मांजलपूरकर: पुस्तकी आकडे. बडोद्यात मे काढून बघा, मग बोला.

प्रवाळप्रेमी: बडोद्यातच, वाडीत राहते मी. मूळ प्रश्न विचारणारे कुठे गेले? लाइट गेली होती का? नवीन मासा आणलात का?

खारटबडोदेकर: लाइट गेली नाही. गेल्या आठवड्यात पावडर ब्लू टँग आणला, पण दुकानात तो मस्त खात होता. तोच पहिला गेला. आदल्या दिवशी पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात तोंड घालून उभा होता. टँगना प्रवाह आवडतोच.

प्रवाळप्रेमी: हे पहिल्या ओळीत लिहायचं हो! धापा टाकणं, प्रवाहात उभं राहणं, पटापट मरणं: मला व्हेल्वेट रोग वाटतोय, अमायलूडिनियम नावाचा परजीवी. तो आधी कल्ल्यांत बसतो, म्हणून अंगावर सोनेरी भुकटी दिसायच्या आत मासा जातो. पाण्याच्या टेस्टमध्ये हे येत नाही. नुकत्याच मेलेल्या माशाचा कल्ला सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आला तर खात्री होईल. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात ओळख आहे का कुणाची?

सावलीतला_मासा: सॅलिनिटी १.००९ वर आणा. औषधाची गरजच नाही.

प्रवाळप्रेमी: ते इकवर, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर चालतं. व्हेल्वेट कमी मिठातही तगतो, आणि मुख्य टँकमध्ये केलंत तर कोरलही जातील.

अलकाताई: मासे घरावरचं संकट स्वतःवर घेतात म्हणतात. वाईट वाटून घेऊ नका.

गोल्डफिशकाका: द्वारका-ओख्याहून समुद्राचं ताजं पाणी आणलं तर? खंभातचं नको, निव्वळ गाळ.

सावलीतला_मासा: काका, तिकडून येताना कोरल मात्र उचलू नका, वन्यजीव कायदा लागतो.

खारटबडोदेकर: पाणी, कायदा राहू द्या! एक क्लाउन आता जोरजोरात श्वास घेतोय. तांब्याचं औषध थेट टँकमध्ये टाकू?

प्रवाळप्रेमी: नाही! कोळंबी, कोरल मरतील आणि दगड तांबं शोषून बसतील. दोन्ही क्लाउन वेगळ्या टबात काढा, सॅलिनिटी-तापमान तेच. त्यात चिलेटेड कॉपर (तांब्याचं औषध) बाटलीवरच्या प्रमाणात, सोबत कॉपरची टेस्ट किट. फिल्टरमध्ये कार्बन लावू नका, औषध खेचून घेतो. मुख्य टँकमध्ये निदान सहा आठवडे एकही मासा नको, म्हणजे परजीवी उपाशी मरेल. टबात हवा मात्र भरपूर लागेल.

खारटबडोदेकर: औषध मिळालं, किटही. एअरपंप मिळत नाहीये, दुकानं बंद होताहेत.

मांजलपूरकर: माझ्याकडे दोन जादा पडलेत. घेऊन जा. म्हटलं होतं ना, एअरपंप लागणार.