अमिगा १२०० + ०३० कार्ड: वीस मिनिटांत गुरू येतो, सुरुवात कुठून करू?

पाल_मोड:
मशीन अमिगा १२०० (जुना घरगुती संगणक), मुख्य बोर्डाची आवृत्ती १डी.४, किकस्टार्ट (रॉममधली सिस्टिम) ३.१. ट्रॅपडोअरमध्ये (तळाच्या झाकणाआड) वेग वाढवणारं कार्ड ब्लिझर्ड १२३०-४ (६८०३० म्हणजे ०३० प्रोसेसर, ५० मेगाहर्ट्झ), त्यावर ६८८८२ एफपीयू (गणिताची चिप), ७२ पिनांची ३२ एमबी सिम (रॅमची पट्टी). आयडीईवर हार्ड डिस्कऐवजी सीएफ मेमरी कार्ड. सप्लाय १२०० सोबत येतो तोच हलका डबा.

थंड मशीन नीट बूट होतं. १५-२० मिनिटांनी गुरू (अमिगाचा क्रॅश संदेश): #८००००००३ किंवा #८००००००४, मधूनच #८१०००००५. एलएचए (दाबून लहान केलेली फाइल) उघडताना सीआरसी (डेटा जुळत नसल्याची) एरर येते, तीच फाइल पुन्हा उघडली की बरोबर निघते. बूट करताना "२" ची कळ दाबून ब्लिझर्ड कार्ड बंद ठेवलं तर तासन् तास काही होत नाही. १६ एमबीची दुसरी सिम लावून पाहिली, फरक शून्य. कार्ड गेलं समजायचं का?

फ्लक्स_आणि_फुंकर:
एवढ्यात नको. कार्ड बंद केलं की त्याचा वीजवापर उतरतो आणि बसवरची (चिपांमधल्या डेटाच्या वाटेवरची) धावपळही थांबते. तेव्हा "कार्डाशिवाय चालतं" म्हणजे "कार्ड खराब" असं होत नाही.

आधी व्होल्टेज मोजा, तेही मशीन लोडवर असताना. हलक्या सप्लायवर ५ व्होल्टला ३ अँपिअर लिहिलेले असतात. ए५०० चा जड डबा ४.३-४.५ पर्यंत देतो. ०३०, एफपीयू, सिम आणि सीएफ मिळून त्या ३ अँपिअरच्या अगदी कडेला जातात. ६८०३० ला ५ व्होल्ट ±५ टक्के लागतात, म्हणजे ४.७५ च्या खाली गेलात की नशिबावर हवाला.

दोन जागी मोजा: फ्लॉपी ड्राइव्हच्या पॉवर कनेक्टरवर (त्याच कनेक्टरवर १२ व्होल्टही आहेत, प्रोब घसरू देऊ नका) आणि कार्डावर, एखाद्या चिपच्या डिकपलिंग कपॅसिटरच्या (तिच्याजवळ वीज स्थिर ठेवणाऱ्या) दोन टोकांत. मल्टिमीटरला मिन-मॅक्स असेल तर तेच लावा. फ्लॉपीची मोटर फिरायला लागते त्या क्षणीचा खड्डा साध्या वाचनात दिसत नाही.

विषम_पत्ता:
गुरूचे आकडेही पुष्कळ सांगतात. #८००००००३ म्हणजे अ‍ॅड्रेस एरर. साध्या ६८००० वर विषम पत्त्यावरून वर्ड वाचला तरी ती येते, पण ०२० (६८०२०) पासून पुढे तसा डेटा वाचायला मुभा आहे. म्हणून ०३० वर ही एरर आली तर प्रोग्रॅम स्वतःच विषम पत्त्यावर उडी मारतोय, म्हणजे परतीचा पत्ता किंवा पॉइंटर वाटेत बिघडलाय. #८००००००४ (इलिगल इन्स्ट्रक्शन) त्याचाच भाऊ. #८१०००००५ म्हणजे मेमरीची यादी बिघडलेली. तिन्ही मिळून बोट दाखवतात ते रॅम, बस किंवा वीज यांच्याकडे. #८००००००बी आला असता तर एफपीयूचं बघा म्हटलं असतं.

सीएफ असल्यामुळे कुणीतरी मॅक्सट्रान्सफर (डिस्कवरून एका दमात किती डेटा घ्यायचा ती मर्यादा) ०एक्स१एफई०० करा म्हणेलच. करून ठेवा, पण तो दोष नेमाने येतो: तीच मोठी फाइल दर वेळी बिघडलेलीच वाचली जाते. तुमची दुसऱ्यांदा बरोबर निघते, तेव्हा हे हार्डवेअरच.

एक फुकटची चाचणी: शेलमध्ये "सीपीयू नोबर्स्ट" देऊन (रॅममधून सलग झपाट्याने वाचणं, म्हणजे बर्स्ट, बंद होतं) तासभर चालवा. टिकलं तर रॅमच्या टायमिंगला जागा अपुरी पडतेय. सिम ७० नॅनोसेकंदांची असून कार्डाचा जंपर ६० वर आहे का तेही बघा. मग अमिगा टेस्ट किट फ्लॉपीवरून बूट करून फास्ट रॅमची (कार्डावरच्या सिमची) चाचणी निदान अर्धा तास फिरवा. पहिल्या फेरीत पास झालं म्हणून उठू नका, तुमचा दोष गरम झाल्यावरचा आहे.

पाल_मोड:
मोजलं. फ्लॉपी कनेक्टरवर बूट झाल्या झाल्या ४.८४, वीस मिनिटांनी ४.७३. कार्डावर त्याच वेळी ४.५८. नोबर्स्टने गुरू यायला चाळीस मिनिटं लागली, पण आलाच.

फ्लक्स_आणि_फुंकर:
मग दोन वेगळी दुखणी आहेत.

बोर्ड आणि कार्ड यांच्यात ०.१५ व्होल्ट गळतायत ते एज कनेक्टरमध्ये. बोर्डाच्या १५० बोटांवर आयसोप्रॉपिल लावून न धागे सोडणाऱ्या कापडाने पुसा, सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या. खोडरबर घासू नका, मुलामा निघतो. मग कार्ड सरळ रेषेत पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. पावसाळ्यात पडून राहिलेल्या मशीनचे निम्मे आजार इथेच जातात. सिमच्या सॉकेटलाही हेच.

उरलेलं सप्लाय आणि केबलमध्ये. हिशोब करा: ०.५ चौरस मिमी तांब्याची दीड मीटर केबल, जाऊन-येऊन ३ मीटर, रोध साधारण ०.१ ओहम, ३ अँपिअरला ०.३ व्होल्ट वाटेतच खर्च. १ चौरस मिमी घेतली तर निम्मे. त्यामुळे नवा स्विचिंग सप्लाय लावताना जुनी बारीक वायर पुन्हा वापरली तर पैसे वाया. ५ व्होल्टला किमान ५ अँपिअर, +१२ आणि -१२ दोन्ही हवेत. ऑडिओ आणि सिरियल पोर्ट -१२ वर चालतात, ते विसरलात की आवाज फाटतो. ट्रिमपॉट (व्होल्टेज जुळवायचा स्क्रू) असेल तर लोडवर, बोर्डावर मोजून ५.०५ च्या आसपास लावा. सप्लायच्या टोकाशी मोजून लावू नका. २३० व्होल्टची बाजू झाकलेली आणि अर्थ जोडलेलं असू द्या.

केशरी_गुरू:
कपॅसिटर बदललेत का? १२०० चे एसएमडी इलेक्ट्रोलायटिक गळतात, सोल्डर काढताना मासळीसारखा वास आला की समजायचं. मात्र कपॅसिटर सुकलेलं मशीन बहुधा थंडपणी अडखळतं आणि तापल्यावर सुधारतं. तुमचं उलट आहे. बदलायचे आहेतच, पण हा गुरू त्यांचा नसावा.

विषम_पत्ता:
आणि १डी.४ आहे म्हणून कुणी लगेच ई१२३सी आणि ई१२५सी काढायला सांगितलं तर थांबा. हे ईएमआय (विद्युत-चुंबकीय व्यत्यय) गाळणीतले बारीक कपॅसिटर घड्याळाच्या सिग्नलची कड बोथट करतात आणि काही कार्डांना त्याने खरोखरच त्रास होतो, उपाय खरा आहे. पण ४.५८ व्होल्टवर कुठलंच टायमिंग खरं नसतं. तिथे सुधारलं असं वाटलं तरी आठवड्याने परत येईल. आधी कार्डावर ४.९ दिसू दे. तरीही गुरू आला तर काढा: दोन सोल्डरिंग इस्त्र्या दोन्ही टोकांना एकदम, भरपूर फ्लक्स, ओढायचं नाही, पॅड उखडतात. काढलेले दोन्ही तुकडे चिकटपट्टीवर लावून झाकणाच्या आत ठेवा.

पाल_मोड:
कनेक्टर पुसला, कार्ड आत-बाहेर केलं, १ चौरस मिमीची केबल आणि ५ अँपिअरचा सप्लाय लावला. चाळीस मिनिटांनी फ्लॉपी कनेक्टरवर ५.०४, कार्डावर ४.९९. बर्स्ट चालू ठेवून टेस्ट किटच्या सहा फेऱ्या पास, एलएचएला सीआरसी एरर नाही. ई१२३सी-ई१२५सी जागच्या जागी आहेत.

केशरी_गुरू:
आता एफपीयू वापरणारं काहीतरी रात्रभर फिरवा, ट्रॅपडोअरचं झाकण लावून. उघड्या मशीनवरची चाचणी अर्धीच.