खारघर हिलवर सायकल मातीत घातली, उतारावर फाफललो. सायकल बदलू की आधी शिकू?

पामबीचवाला

नमस्कार मंडळी. नेरूळला राहतो, आजवरची सगळी सायकल पाम बीच रोडवर आणि फार तर पारसिक हिलचा चढ, म्हणजे डांबर सोडून चाक कधी खाली उतरलंच नव्हतं. दिवाळीनंतर एका ओळखीच्याकडून सेकंड हँड हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, मिळाली, साडेसत्तावीस इंची चाकं, २.२ इंच रुंद टायर, पुढे स्प्रिंगचं सस्पेन्शन, ब्रेक केबलवाले डिस्क. खारघर हिलचा डांबरी रस्ता चढून वर गेलो आणि फणसवाडीच्या अलीकडे गाववाल्यांच्या ज्या पायवाटा फुटतात त्यातल्या एकीवर घातली.

मजा आली हे आधीच सांगतो नाहीतर पुढचं सगळं रडगाणं वाटेल. पण उतार लागला की माझी बोटं आखडतात, दहा मिनिटांत ब्रेकची मूठ वळत नाही. वळणावर मुरूम असला की पुढचं चाक बाजूला सरकतं, एकदा करवंदीच्या जाळीतच गेलो. चढावर उभा राहिलो तर मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि बसून मारलं तर पुढचं उचलतं, मग माणसाने करायचं काय. वर मागचा टायर पंक्चर, ट्यूब काढली तर काटा नाही, खिळा नाही, नुसती शेजारी शेजारी दोन भोकं. सायकलवाला बोलतो ट्यूब जुनी होती.

आणि एक, समोरून मोळी घेऊन दोन बायका आल्या, मी घंटी शोधतोय तर या सायकलला घंटीच नाही. अशा वेळी कोणी थांबायचं?

मित्र बोलतो फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शनवाली घे, हे सगळं संपेल. बजेट ओढूनताणून होईल. काय करू?

मुरूमखाऊ

भावा ट्यूब जुनीबिनी काही नाही, ती दोन भोकं म्हणजे टायर दगडावर दबला आणि ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटली. एकतर हवा फार कमी होती नाहीतर दगडावर तू मागचं चाक सगळं वजन टाकून आदळलंस, सीटवर बसून उतरलास ना? बसून उतरलं की हे होणारच.

आधी सीट. खाली उतरायच्या आधी थांब, सीटचा क्लॅम्प सोड आणि सीट चांगली पाच-सात सेंटीमीटर खाली कर. मग दोन्ही पॅडल जमिनीला समांतर, त्यावर उभा राहा, टाचा खाली, गुडघे आणि कोपरं वाकलेली, कोपरं बाहेरच्या बाजूला. कंबर मागे पण इतकीही मागे नाही की हात ताणले जातील, कारण मग पुढच्या चाकावरचं वजनच जातं आणि ते सरकतं. तुझं मुरमातलं सरकणं निम्मं यातून असणार. निम्मं मुरमाचंच आहे, खालची जमीन कडक आणि वर सुटी बारीक खडी, साबुदाणा सांडलेल्या फरशीवर चालल्यासारखं. तिथे वळणात ब्रेक धरायचाच नाही. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत, आणि वळणात सोडून द्यायचा. बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली, वजन त्याच्यावर, सायकल आत कलवायची आणि स्वतः जरा सरळ राहायचं. आणि नजर, नजर फार महत्त्वाची, ज्या दगडाकडे बघशील त्याच दगडावर जाशील. पुढच्या चाकाकडे बघू नको, वाट जिथे वळते तिथे बघ.

बोटं का आखडतात तर तू सबंध उतार ब्रेक दाबून उतरतोयस. एक बोट ब्रेकवर, बाकीची हँडलला. लिव्हर, म्हणजे ब्रेकचा दांडा, पोचायला लांब पडत असेल तर बहुतेक लिव्हरवर एक छोटा स्क्रू असतो त्याने जवळ घेता येतो, आणि लिव्हरचा कोन खाली कर म्हणजे मनगट सरळ राहील. दाबायचं तर नीट दाब, सोडायचं तर पूर्ण सोड, सारखं घासत राहिलं की डिस्क तापते आणि उताराच्या शेवटी, जिथे खरी गरज असते, तिथेच ब्रेक ढिला लागतो.

घंटीचं तर विचारूच नको. पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यायची, डोक्यावर ओझं असेल तर नक्कीच, सायकल बाजूला घेऊन थांबायचं. वाट त्यांची आहे, आपण हौसेला आलोय. दोन सायकलवाले समोरासमोर आले तर चढणाऱ्याला वाट, कारण चढावर एकदा थांबलं की परत सुरू करणं मेहनतीचं असतं. पण घंटी लाव, ऐंशी रुपयाला मिळते.

सस्पेन्शनशास्त्री

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. स्प्रिंगचा स्वस्त फोर्क (पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा चिमटा) आणि केबलचे डिस्क यांच्यावर ट्रेल, म्हणजे डोंगरातली कच्ची वाट, होत नाही. नुसतं खालीवर होणारं लोखंड आहे ते, परत येताना त्याला काही आवर नसतो, टण्णकन वर येतं. स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा एअर फोर्क घ्या, केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक घ्या. नाहीतर हात दुखणारच.

मुरूमखाऊ

शास्त्रीबुवा, हायड्रॉलिकला बोट कमी दुखतं हे मान्य, शंभर टक्के मान्य. पण ट्रेल होत नाही हे नाही पटत. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत सत्तरच्या दशकात पोरं जुन्या फुगीर टायरवाल्या सायकली घेऊन डोंगर उतरायची, उलटं पॅडल मारून लागणारा मागचा ब्रेक, सस्पेन्शन शून्य. १९७६ ला ज्या उतारावर शर्यती सुरू झाल्या तिथे एका फेरीत हबमधलं (चाकाच्या मधल्या भागातलं, ब्रेक तिथेच असायचा) ग्रीस जळून धूर निघायचा, दर फेरीनंतर हब उघडून परत ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या उताराचं नावच रीपॅक, म्हणजे परत भरा, असं पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ ही मंडळी त्यातलीच. आणि वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकला माउंटन बाइक आली सुद्धा. आपल्या खारघरच्या पायवाटेला पामबीचवाल्याची सायकल भरपूर झाली.

ठाणेकर_काका

मुरूमखाऊने बाकी चांगलं सांगितलंय पण हवेचा आकडा सांगायचा राहिला, आणि नवीन माणसाला तोच लागतो. टायर बोटाने दाबून बघायचा नाही, गेजवाला पंप घ्यायचा. २.२ चा टायर, आत ट्यूब, माणूस सत्तर-पंचाहत्तर किलोचा असेल तर पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, गेजवर असतं) पासून सुरुवात कर. वजन जास्त असेल तर दोन-तीन वाढव. परत तशीच जोडभोकं पडली तर मागे आणखी दोन वाढव. हातात झिणझिण्या येत असतील, दगडावरून चाक उसळत असेल तर दोन कमी कर. दुकानात भरून देतात ती हवा रोडची असते, पन्नास-साठ, आणि त्यावर मुरमात पकडच मिळत नाही. टायरच्या बाजूला छापलेला मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, तेवढी भरा असा आदेश नव्हे, हे आमच्याकडे अर्ध्या लोकांना माहीत नाही.

चढाचं कोणी सांगितलंच नाही. बसूनच चढायचं, पण सीटच्या पुढच्या टोकावर सरकायचं, छाती खाली हँडलकडे, कोपरं खाली. म्हणजे मागच्या चाकावर वजन राहतं आणि पुढचं उचलत नाही. गियर चढ सुरू व्हायच्या आधी हलका करायचा, जोर लावून गियर टाकला की चेन करकरते आणि एखाद दिवशी तुटते.

ठाण्याकडे येणार असशील तर येऊरबद्दल आत्ताच सांगतो. उपवनच्या पुढे फॉरेस्टच्या चौकीवरून जो डांबरी रस्ता पाड्यांकडे जातो तो वेगळा, आणि आतल्या जंगलवाटा वेगळ्या. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, आत परवानगीशिवाय घुसायचं नाही, सायकल असो की पायी. "सगळे जातात" हे कारण नाही. तिथे बिबट्या आहे, आणि तो पहाटे आणि तिन्हीसांजेलाच जास्त फिरतो, म्हणजे नेमकी आपल्या मंडळींची आवडती वेळ. कानात इअरफोन घालून अंधारात येऊर चढणारे बघितले की मला बिबट्याचीच काळजी वाटते.

रेवा_घोडबंदर

काका 😄 बिबट्याची काळजी!

पामबीचवाला, सगळ्यांनी टेक्निक सांगितलं पण तुझा खरा प्रश्न भीतीचा वाटला मला, आणि त्यात लाज काही नाही. उतरून सायकल हातात धरून चालत जाणं हे पण ट्रेल सायकलिंगच आहे, मी अजूनही एका ठिकाणी उतरते आणि माझ्यामागे येणारे पुरुष "मॅडम जमेल जमेल" बोलतात, त्यांना मी आधी जायला सांगते. मग ते पण उतरतात.

मी डोंगरावर न जाता आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिकले बरंचसं. संध्याकाळी गाड्या यायच्या आधी. एक म्हणजे पॅडलवर उभं राहून जितकं हळू जमेल तितकं हळू चालवायचं, पाय टेकायचा नाही. दुसरं, खडूने रेष मारायची आणि वेगात येऊन फक्त पुढच्या ब्रेकने रेषेवर थांबायचं, हलक्या हाताने सुरू करून. पुढच्या ब्रेकला सगळे घाबरतात, पुढचा दाबला की उलटे पडतो बोलतात, पण थांबवण्याचं जास्त काम तोच करतो कारण ब्रेक लावला की वजन पुढे येतं. उलटं पडतो ते हात ताठ आणि अंग पुढे असताना झटक्यात दाबला तर. कंबर मागे, टाचा खाली, मग बघ. वॉचमन काका रोज उभे राहून बघायचे आणि शेवटी ते पण मार्क द्यायला लागले.

मुरूमखाऊ, एका गोष्टीत तुझ्याशी जमत नाही, म्हणजे तू बोलला नाहीस पण सगळे नवीन लोकांना "हळू उतर" सांगतात ना ते. फार हळू गेलं की प्रत्येक दगड चाक अडवतो. थोडा वेग असला की चाक दगडावरून लोळत जातं. फास्ट नाही बोलत मी, वाहता वेग.

आणि हेल्मेट, पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज, गुडघ्याचे पॅड. हेल्मेट घेताना आत ईएन १०७८, हे सायकल हेल्मेटचं युरोपियन सुरक्षा मानक, छापलंय का बघ, आणि एकदा जोरात आपटलं की बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं. पॅडनी गुडघा तर वाचतोच पण मला तरी हिंमत आली, पडलो तरी ठीक आहे असं वाटलं की अंग सैल राहतं. एकटा जाऊ नको, जायचंच तर घरी कुठली वाट ते सांगून जा, हिलच्या मागच्या बाजूला मोबाईलची रेंज जाते.

पामबीचवाला

सगळ्यांचे आभार. पंप घेतला. आधी होती तेवढी हवा मोजली तर पुढे ५५, म्हणजे मी दगडावर टणाटण उडत होतो ते यामुळे. मागे मात्र २० पण नव्हती, ट्यूब हळूहळू लीक असणार. २८-३२ केली, सीट खाली घेतली आणि परत त्याच वाटेवर गेलो, फरक बघून मला आधी पंप न विकणाऱ्या दुकानदाराचा राग आला. करवंदीच्या वळणावर ब्रेक आधी मारून सोडला, गेलं. शेवटचा दगडांचा टप्पा चालतच उतरलो, रेवाताईंच्या परवानगीने.

फुल सस्पेन्शन सध्या नाही. पैसे हेल्मेट-पॅडला.

दोन प्रश्न राहिले. ब्रेक आता किंचाळतात, हिलखाली सकाळी चालायला येणारे आजोबा वळून बघतात. आणि पावसाळ्यात काय करता तुम्ही लोक?

मुरूमखाऊ

ब्रेकचे पॅड नवीन टाकलेस का? नवीन पॅड बसवावे लागतात. रिकाम्या रस्त्यावर वीसेक किलोमीटरच्या वेगाला आणायचं, ब्रेक दाबून चालण्याच्या वेगापर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, सोडायचं, परत. पुढच्याला दहा-पंधरा वेळा, मागच्याला तितकंच. पॅड जुनेच असतील तर चेनला स्प्रे मारताना तेल डिस्कवर उडालंय का आठव. चेनला तेल थेंबाथेंबाने टाकायचं, स्प्रे करायचाच नाही डिस्कच्या आसपास. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, पण पॅडमध्ये तेल मुरलं की बहुतेक वेळा पॅडच बदलावे लागतात.

ठाणेकर_काका

पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, त्याच्यावर कुठलाच टायर धरत नाही, कितीही महागडा घ्या. शिवाय चिखलात सायकली घातल्या की पायवाटेला चर पडतात आणि मग त्यातूनच पाणी वाहून वाट खचते, गाववाल्यांचा येण्याजाण्याचा रस्ता आहे तो. म्हणून जून ते सप्टेंबर मी डांबरावर. पांडवकड्याच्या धबधब्याच्या बाजूला तर पावसात जाऊच नकोस, पाणी अचानक वाढतं, आणि बहुतेक दरवर्षी तिथे बंदी पण असते. ऑक्टोबरला वाट सुकते पण गवत कमरेएवढं असतं, आतले दगड दिसत नाहीत, तेव्हा पहिली फेरी चालत मारायची. खरा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे आत्ता. मार्चनंतर गवत वाळतं, कुठे ना कुठे वणवा लागतो आणि ऊन आठलाच चटके द्यायला लागतं.

सस्पेन्शनशास्त्री

ठीक आहे, फोर्क नको तर नको. निदान तुझ्या फोर्कवर प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंगचा ताण कमीजास्त करणारी, काळी टोपी असेल डाव्या बाजूला, ती सगळी सैल करून बघ. वजन कमी असेल तर स्प्रिंग दबतच नसेल. त्याला पैसे लागत नाहीत.

पामबीचवाला

शास्त्री, टोपी फिरतच नाही, गंजून बसलीये वाटतं. डब्ल्यूडी-४० मारू का?

मुरूमखाऊ

मार पण फडक्यावर घेऊन, डिस्कवर कपडा टाकून. वर काय लिहिलं मी 😑