मदत हवी आहे: चाळीच्या पुनर्विकास करारात देखभाल खर्च आणि सामाईक जागेची तरतूद

गिरगावातील आमच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) चाळीचा मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 33(7) खाली पुनर्विकास होणार आहे. 51 टक्के भाडेकरूंची संमती पुरेशी असल्याने ती मिळालीही. परंतु उरलेल्यांत बहुतेक निवृत्त माणसे आहेत आणि त्यांची धास्ती मला रास्त वाटते. आज पागडीचे भाडे नाममात्र आहे. उद्या लिफ्ट, पंप आणि सुरक्षारक्षक यांचा दरमहा खर्च पेन्शनमधून कसा भागवायचा? तरुण कुटुंबांना स्वतंत्र शौचालयाचे, किमान 300 चौरस फुटांचे घर लवकर हवे आहे, तर तळमजल्यावरील दुकानदारांना रस्त्याकडील दर्शनी गाळा सोडायचा नाही, आणि विकासक नेमकी तीच बाजू विक्रीच्या इमारतीसाठी मागतो आहे.

आमच्या सामाईक गॅलरीत मुले अभ्यासाला बसतात, आणि एकट्या राहणाऱ्या आजींचे दार सकाळी उघडले की नाही हे शेजाऱ्यांना तिथूनच कळते. नव्या नकाशात या गॅलरीच्या जागी लिफ्टसमोरची अरुंद जागा तेवढी दिसते.

कॉर्पस फंडाचे (विकासक रहिवाशांसाठी देतो त्या एकरकमी निधीचे) व्याज केवळ देखभालीसाठीच वापरण्याचे कलम कायमस्वरूपी पर्यायी निवास करारात (नव्या घराबाबत विकासकाशी होणाऱ्या करारात) कोणी घालून घेतले आहे का? प्रत्येक मजल्यावर बसण्याजोगी सामाईक जागा कोणत्या शब्दांत मागावी? करारनोंदणीपूर्वी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.