नगर परिषदेत नाटक-कार्यक्रमाचं काम पाहणारी नोकरी असते का? (जि. गडचिरोली)

झाडीतला_पोरगा

नमस्कार मंडळी. मी आरमोरी तालुक्यातला, वय २४, गोंडवाना विद्यापीठातून बीए केलं. बाबा शेती करते, अन् दिवाळी झाली की मंडपवाल्यासंगं गावोगावी जाते. मीबी चार सिझन वडश्याच्या एका नाटक कंपनीत मागचं काम केलं, म्हणजे पडदे बांधणं, लाइट, अन् शेवटच्या सिझनले हिशेबाची वही माझ्याकडंच होती. अ‍ॅक्टिंग मले येत नाही अन् करायचीबी नाही.

मागच्या वर्षी एका कार्यक्रमाचं सामान घेऊन नागपूरले गेलो, रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात. महापालिकेचं आहे, २००० च्या आसपास लोक बसते. तिथं एक साहेब पाहिले, त्याहीचं कामच हे, कोणत्या दिवशी कोणाचा कार्यक्रम, भाडं किती, अनामत वापस द्यायची का नाही, माइक चालू आहे का. दिवसभर मी त्याहीच्याच मागं पाहत होतो. तेव्हापासून मनात घेतलं की हेच करायचं, पण इकडंच, आपल्या भागात.

नगर परिषदेत अशी पोस्ट राह्यते का? परीक्षा कोणती? नाटकाची डिग्री पायजे का? घरचे म्हणते तलाठी भरतीचा अभ्यास कर, हे काही काम नोहे.

कर_विभागवाली

भाऊ, सरळ सांगते. 'सांस्कृतिक अधिकारी' म्हणून वेगळी खुर्ची आमच्या नगर परिषदेत नाही. आमची क वर्ग, म्हणजे २५ ते ४० हजार वस्तीचं गाव. गावाचं नाव लिहत नाही.

पण काम आहे अन् ते कायद्यातच आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली, त्यात शहरांसाठी १८ कामं दिली आहेत, १३ नंबरवर सांस्कृतिक, शैक्षणिक अन् सौंदर्यविषयक गोष्टींना चालना देणं. १९६५ च्या नगर परिषद कायद्याखाली शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य समिती असते, तिला सभापती असतो. समिती आहे, सभापती आहे, फक्त फाईल करणारा माणूस नाही. म्हणून ते काम ज्याच्या टेबलावर जागा दिसली त्याच्याकडं जाते. मी कर निर्धारण व प्रशासकीय सेवेतून लागली, दिवसभर घरपट्टी, अन् सहा वर्षांपासून सभागृह माझ्याकडं, अतिरिक्त पदभार म्हणून.

हे काम नोहे म्हणणाऱ्यांना एक सांगते. आमचं सभागृह बांधलं तेव्हा स्टेजवर गुळगुळीत टाईल्स टाकल्या. दिसायला बँकेसारखं. पहिलं नाटक आलं तं सेट उभा करायला खिळा कुठं ठोकणार? पोरांनी रेतीच्या बोऱ्या लावून फळ्या धरून ठेवल्या. शाळेच्या गॅदरिंगले सातवीतली पोरगी नाचताना घसरली, मनगट मोडलं तिचं. मी विंगमध्येच उभी होती, तो आवाज अजून कानात आहे. विंगमधून मेकअप रूमकडं जायला दारच नाही, नटाला कपडे बदलायचे असले तं प्रेक्षकांच्या समोरून जावं लागे. कोणाची नियत खराब नव्हती, पण नकाशा काढणाऱ्यापासून सही करणाऱ्यापर्यंत एकही माणूस कधी स्टेजच्या मागं उभा राहिला नव्हता.

त्यानंतर दोन वर्षं टिपणी फिरवली. लेखा विभागानं शेरा मारला, 'टाईल्स सुस्थितीत असताना बदलण्याचे कारण नमूद करावे.' मी त्या पोरीच्या डॉक्टरच्या कागदाची झेरॉक्स जोडली. आता टाईल्सवर लाकडी फळ्या आहेत. दार अजून बाकी आहे.

जुना_मुख्याधिकारी

ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. मी विदर्भातल्या चार नगर परिषदांत मुख्याधिकारी होतो, आता निवृत्त.

बाळा, तुला तीन वाटा आहेत. पहिली ताईंची, नगर परिषदेच्या राज्यस्तरीय संवर्गाची गट क परीक्षा, कोणतीही पदवी चालते, पण जाहिरात दरवर्षी निघत नाही म्हणून वय बघून चाल. दुसरी एमपीएससी राज्यसेवा, त्यातून मुख्याधिकारी गट अ आणि गट ब भरतात, २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे आणि ज्याला लिहिता येतं त्याला हे बरं आहे. तिसरी मोठ्या महापालिकेतली. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून महापालिकाच चालवते, तिथं रंगमंदिराची व्यवस्था बघणारा वेगळा कर्मचारीवर्ग आहे. आपल्याकडच्या गावांत तसं काही नाही, पण तुला तर इथंच राहायचंय.

डिग्री सक्तीची नाही. तरी शिकायचंच असेल तर पुणे-मुंबईच पाहिजे असं नाही, छत्तीसगडात खैरागडला १९५६ पासून संगीत आणि कलांचं विद्यापीठ आहे, गोंदियाहून गाडीनं डोंगरगडला उतरलं की जवळच. शिवाय दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालय नागपूरला आहे, केंद्र सरकारचं. त्यांच्या महोत्सवात स्वयंसेवक म्हणून काम कर, शंभर कलावंतांचं जेवण, राहणं, मानधनाची पावती कशी सांभाळतात ते कोणत्याही पुस्तकात नाही.

अजून एक, हे मी माझ्या चुकीवरून सांगतो. आपल्याकडं बजेटची सभा फेब्रुवारीत, आणि नाटकाचा सिझन दिवाळी ते होळी. म्हणजे ज्या वेळी गावात सगळ्यात जास्त कार्यक्रम चालू असतात त्याच वेळी पुढच्या वर्षाचा पैसा ठरतो, आणि कलावाला माणूस तेव्हा मंडपात असतो, सभेत नाही. डिसेंबरातच लेखी मागणी द्यायची, रक्कम आणि कशासाठी ते लिहून. मी पहिल्या पोस्टिंगला हे केलं नाही आणि वर्षभर 'तरतूद नाही' एवढंच उत्तर देत बसलो. एक भजनी मंडळ तीनदा येऊन परत गेलं.

पडदा_उघडा

भाऊ मी २२ वर्षं झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकाहीत काम करतो, विनोदी भूमिका करतो. माझं मत वेगळं आहे.

झाडीपट्टी कोण्या ऑफिसनं उभी नाही केली. शंकरपट, म्हणजे बैलाहीची शर्यत असे, पाहुणे येत, अन् रात्री दंडार, म्हणजे नाचगाण्याचं लोकनाट्य, नाहीतं नाटक. पटावर बंदी आली तरी नाटक थांबलं नाही, अन् २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं पटाले परवानगी कायम केली. लोक तिकीट काढून थंडीत पहाटेपर्यंत बसते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तं ती या लोकाहीनं दिलेल्या टाळ्याहीची आहे. तू हिशेबाची वही चांगली ठेवते तं कंपनीचा मॅनेजर हो, साहेब कायले होते?

कर_विभागवाली

दादा, तुमचं नाटक मी लहानपणी बाबाच्या मांडीवर बसून पाहिलं आहे म्हणून रागवू नका. पण स्पीकरची परवानगी कोणाकडं मागता? नियम रात्री १० चा आहे, १२ पर्यंतची सूट वर्षात फार तं १५ दिवस, अन् तुमचं नाटक उभंच १० ले राह्यते. संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे प्रयोगाआधी नाटक तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं प्रमाणपत्र लागते, त्याची फाईल कोण करून देते? ५० वर्षांवरच्या कलावंतांना महिन्याला ५००० रुपये मानधनाची योजना आहे, तुमच्या कंपनीतले किती म्हातारे घेऊन राहिले? आमच्या गावात एक दंडारीतले काका होते, ७१ वर्षांचे, फॉर्म कधी भरलाच नाही कारण कलावंत असल्याचा कागद नव्हता. ४० वर्षं नाचले, एक कागद नाही. मी जुने हँडबिल शोधून, तीन गावच्या सरपंचाहीचे दाखले जोडून फॉर्म पाठवला. हे काम मॅनेजर नाही करत, खुर्चीवरचाच माणूस करते.

पडदा_उघडा

ताई, मानधनाचं बरोबर बोलल्या. आमच्यात एक बाई आहे, ५८ वय, अजून मेकअप करून उभी राह्यते कारण घरी दुसरं काही नाही. तिचा फॉर्म भरून देता येईल का? हँडबिलं माझ्याकडं पेटीभर आहेत.

पोरा, मी शब्द वापस घेतो. आमच्यातला एक माणूस आत बसला तं बरंच होईल. पण आत जाऊन आमाले विसरू नको.

झाडीतला_पोरगा

सगळ्याहीचे मनापासून आभार. बाबाले वाचून दाखवलं, टाईल्सवालं ऐकून ते म्हणे आमच्या मंडपात असं कधी नाही होत. गट क चा अभ्यास चालू करतो, राज्यसेवेचं पुढं पाहतो, अन् सिझनबी सोडत नाही. ताई, तुमचं सभागृह पाहायले येऊ का? अन् ती टिपणी कशी लिहते ते पाहायचं आहे.

कर_विभागवाली

गुरुवारी दुपारनंतर ये, तेव्हा सभागृह रिकामं आहे, शुक्रवारपासून लग्न लागली आहेत. त्या मावशीची हँडबिलं दादाकडून घेऊनच ये. अन् मोजपट्टी आण, लांब वाली. दाराची टिपणी पुन्हा पाठवायची आहे, विंगचं माप बरोबर पायजे.