दरडोई काढताना भागायचं कशाने?

'शेन्झेनचं (दक्षिण चीनमधलं शहर) दरडोई उत्पन्न एवढं असूच शकत नाही, चिनी आकडे शिजवलेलेच' असं कुणीतरी म्हटलंय. शिजवाशिजवी होते, नाही असं नाही. पण इथे बहुधा भागाकारच चुकलाय. चिनी वार्षिकांत, म्हणजे दरवर्षीच्या सरकारी आकडेवारीच्या खंडांत, लोकसंख्येचे दोन रकाने असतात: 'हूजी', म्हणजे त्या शहराची हुकौ (सरकारी कुटुंब-नोंदणी) असलेले, आणि 'चांगझू', म्हणजे तिथे प्रत्यक्ष सहा महिने किंवा जास्त राहणारे. २०२० च्या जनगणनेत शेन्झेनचे रहिवासी १ कोटी ७५ लाखांवर होते, हुकौवाले त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. चुकीच्या, म्हणजे हूजीच्या, रकान्याने भागलं की आकडा तिप्पट फुगतो. हनानसारख्या, कामगार बाहेर पाठवणाऱ्या प्रांतात उलटं, तो घटतो.

दुसरा खड्डा कोणी सांगितला नाही. जनगणनेनंतर मधल्या वर्षांचे लोकसंख्येचे आकडे मागे जाऊन सुधारले जातात, पण जुनी वार्षिकं तशीच पडून असतात. २०१९ चा आकडा जुन्या खंडातून आणि २०२० चा जनगणनेतून घेतला, तर ग्वांगडोंग प्रांत एका वर्षात ११.५२ कोटींवरून १२.६० कोटींवर उडी मारतो आणि हैलोंगजियांग ३.७५ कोटींवरून ३.१९ वर कोसळतो. यातलं बरंचसं स्थलांतर नव्हे, साचलेली चूक एकदम दुरुस्त झालेली. पॅनेल डेटात (अनेक प्रांतांचे वर्षानुवर्षांचे आकडे एकत्र मांडतात त्यात) मग २०२० ला झकास 'परिणाम' दिसतो, आणि तो कोविडच्या नावावर खपतो! २०११ ते २०१९ ची मालिका नेहमी २०२० नंतरच्या खंडातूनच उचला.